दुरून डोंगर, आणि मधली हवा

परतीचा पाऊस रात्रभर झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जठारपेठेतल्या एखाद्या उंच गच्चीवर जाऊन उत्तरेकडे बघावे. घरांच्या, टाक्यांच्या, टॉवरच्या पलीकडे, आभाळाच्या अगदी तळाशी एक निळसर रेघ उमटलेली असते. ती सातपुड्याची. आपल्या वऱ्हाडात डोंगराला पहाड म्हणतात, म्हणून आमच्याकडे तिचे नाव नुसते 'पहाड'. त्याच रेघेत कुठेतरी नरनाळा किल्ला आहे. दोन-चार दिवस ती रेघ राहते, मग फिकी होत जाते, आणि दिवाळीच्या सुमारास कधी गेली ते कळतही नाही.

एकदा ती अशीच दिसत असताना मी वर्गातल्या मुलांना दाखवली होती. महिनाभराने सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पहाड कुठी गेला?" मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. पहाड जागचा हलला नव्हता. मग गेले काय, आणि आले काय?

मराठीत म्हण आहे, दुरून डोंगर साजरे. उर्दू-हिंदीत हीच गोष्ट 'दूर के ढोल सुहाने' अशी सांगतात. एका भाषेने डोळ्याचा दाखला घेतला, दुसरीने कानाचा. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे मला या जोडीची गंमत वाटते. पण दोन्ही म्हणी अंतराबद्दल बोलतात, मधल्या हवेबद्दल कोणीच बोलत नाही. हा लेख त्या मधल्या हवेचा आहे.

आधी एक शंका दूर करू. पहाड दिसत नाही तो पृथ्वीच्या गोलाईमुळे, असे काही जण सांगतात. हिशोब करून पाहा. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटर उंचीवर, नरनाळा सुमारे 900 मीटरवर. दोघांमधले सरळ अंतर 60 किलोमीटरच्या आसपास. मध्ये पूर्णेचे सपाट खोरे आणि खारपाणपट्टा, आडवे येणारे काही नाही. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईने सुमारे 280 मीटर झाकले जातात. हवेतून येताना किरण किंचित वाकतात, त्यामुळे त्यातले 40 मीटर परत मिळतात. म्हणजे 620 मीटरच्या पहाडापैकी वरचे 380 मीटर आपल्या नजरेच्या रेषेवर उरतात. आभाळात ही उंची चंद्राच्या बिंबाच्या पाऊणपटीइतकी भरते. लहान आहे, पण साध्या डोळ्याला पुरेशी. भूमिती वर्षाचे 365 दिवस पहाड दाखवायला तयार आहे. अडवते ती हवा.

त्या मुलीचा प्रश्न मनात घोळत असतानाच एका ग्रुपवर एक संदेश फिरत आला. आकाश निळे का दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले होते आणि पाश्चात्त्यांनी ते चोरले, असा. खाली अनेकांनी 'माशाअल्लाह' लिहिले होते. मला वाईट वाटले. ज्या माणसाने आयुष्यभर 'आधी तपासा' असे सांगितले, त्याच्याच नावाने न तपासलेली गोष्ट फिरत होती.

खरे काय आहे ते सांगतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. आकाशाच्या लाजवर्दी रंगाचे कारण काय, या विषयावर त्यांनी एक छोटा रिसाला लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आकाशाला स्वतःचा रंग नाही, त्याच्या पलीकडे अंधार आहे. आपल्या जवळच्या हवेत धुळीचे आणि वाफेचे बारीक कण असतात, ते सूर्याने उजळतात, आणि हा उजेड मागच्या अंधारात मिसळून निळा दिसतो. यात एक गोष्ट चुकली, एक बरोबर आली. निळाईसाठी धूळ लागत नाही, हे पुढे सिद्ध झाले. पण काळोख्या पार्श्वभूमीपुढे उजळलेली हवा, हे चित्र बरोबर आहे. दूरचा पहाड निळा दिसतो तोही याच कारणाने. पहाडाचे झाडोऱ्याचे अंग काळपट, आणि त्याच्या व आपल्या मध्ये उजळलेली 60 किलोमीटर हवा. आपण पाहतो ती निळाई पहाडाची नसतेच, ती हवेची असते.

इब्न अल-हैसम हे बसऱ्याचे. जन्म 965 च्या सुमाराचा, मृत्यू 1040 च्या सुमारास कैरोत. 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून आपल्याला दिसते, ही जुनी समजूत त्यांनी खोडली आणि वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो हे मांडले. आकाशाच्या निळाईचा उलगडा त्यांनी केलेला नाही. पण आपल्या विषयासाठी त्यांनी केलेले काम मला जास्त मोलाचे वाटते. नजर केव्हा बरोबर चालते आणि केव्हा चुकते, याच्या अटीच त्यांनी मांडल्या. अंतर बेताचे हवे, उजेड पुरेसा हवा, वस्तू फार लहान नको, डोळा निरोगी हवा, बघायला वेळ मिळायला हवा. आणि यांच्याच पंक्तीत त्यांनी हवेची पारदर्शकता बसवली. धुके, धूर किंवा गर्द मध्ये आली तर नजर चुकीचा निवाडा देते. म्हणजे बघणारा आणि बघितली जाणारी वस्तू एवढे दोनच पक्ष नाहीत, मधली हवा हा तिसरा पक्ष आहे.

हा तिसरा पक्ष आपल्या फकीहांनीही ओळखला होता, आणि तो तर दरवर्षी आपल्या घरात येतो. 29 व्या संध्याकाळी आपण गच्चीवर पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहतो. मुले ओरडतात, मोठी माणसे फोन करतात, अमुक गावी दिसला, आपल्याकडे का नाही? मग वाद. हनफी फिकहमध्ये चंद्राच्या साक्षीचा नियम आभाळाच्या स्थितीवर ठरवलेला आहे. मतला साफ असेल तर एकदोघांच्या साक्षीवर भागत नाही, पुष्कळ लोकांनी पाहिलेले हवे. कारण आभाळ स्वच्छ असताना एकालाच दिसावा आणि बाकी गावाला दिसू नये, हे पटण्यासारखे नाही. पण मतल्यावर ढग किंवा गर्द असेल तर रमजानच्या चंद्रासाठी एका भरवशाच्या माणसाची साक्षही चालते, ईदच्या चंद्रासाठी दोघांची. बाराव्या शतकातल्या मरगिनानी यांच्या 'हिदाया'त हा फरक नोंदलेला आहे. साक्षीदार किती हवेत हे ठरवण्याआधी हवा कशी होती ते विचारा, असा हा कायदा आहे. शतकानुशतके काझी तो वापरत आले.

यामागचे गणित आज असे सांगता येते. डोक्यावरचा तारा हवेच्या जेवढ्या थरातून दिसतो, त्याच्या सुमारे 10 पट हवा क्षितिजापासून 5 अंशांवरच्या चंद्रापुढे असते, आणि थेट क्षितिजावर तर सुमारे 38 पट. नवा चंद्र नाजूक, संध्याकाळचा उजेड अजून पुरता गेलेला नाही, आणि मध्ये गावाचा धूर. एका गावाला दिसावा आणि दुसऱ्याला दिसू नये यात कोणी खोटे बोलतच असेल असे नाही. दोन्ही गावे खरे बोलत असू शकतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. तारीख 29 नोव्हेंबर 1803. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांच्या मागावर आर्थर वेलस्ली वऱ्हाडात शिरला होता. त्याच्या पत्रात पार्टर्ली असे नाव आलेल्या गावी तो पोचला. तिथल्या एका बुरुजावर चढून त्याने बघितले तेव्हा सिरसोलीच्या पलीकडे त्याला एक अस्पष्ट, गोंधळलेला समुदाय दिसला. शत्रू निघून चालला आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. फौज लांबची मजल मारून आली होती, ऊन कडक होते, तेव्हा आज पाठलाग नको, मुक्काम करू, असे त्याने ठरवले. पुढे मुक्कामाच्या जागेचा बंदोबस्त करायला तो स्वतः पुढे गेला, तेव्हा अडगावच्या मैदानावर काही मैल लांबीची फौज तोफांसह लढाईला उभी दिसली. त्याच दुपारी लढाई झाली आणि पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात चालला. पुढे 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वऱ्हाडचे नशीब एका महिन्यात फिरले.

मी बुरुजावरच्या त्या क्षणाचा विचार करतो. दूरवर हजारो घोडे, बैल, माणसे, त्यांच्या पायांनी उडालेली धूळ, वर तापलेली हवा. अशा वेळी सगळ्यात आधी नाहीसा होतो तो बारकावा. समुदाय आहे हे कळते. तो पाठमोरा आहे की आपल्याकडे तोंड करून आहे, हे कळत नाही. मग उरलेली जागा डोळा नाही, मन भरून काढते, आणि मनाला जे हवे असते तेच ते भरते. इब्न अल-हैसम यांचा नजरेच्या चुकांचा भाग वाचून कोणी अडगावच्या शिवारात उदाहरण शोधायला निघाला असता, तर याहून चांगले सापडले नसते.

लढाईनंतर वीस वर्षांच्या आत वऱ्हाडात दुसरी एक फौज आली. ती दुर्बिणी, साखळ्या आणि झेंडे घेऊन आली. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी बिदरकडून उत्तरेला सरकत एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, दक्षिणेकडच्या ठाण्यापर्यंत पोचली. कागदपत्रांत त्याचे नाव टाकल खेरा, अक्षांश सुमारे 21 अंश 6 कला. लॅम्बटन जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले आणि रेषा टाकल खेऱ्याहून सातपुडा ओलांडून मध्य भारतात गेली.

या मोजणीचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरची खूण दिसली पाहिजे. अंतरे कधी तीस, कधी पन्नास किलोमीटर आणि त्याहूनही जास्त. सातवीतल्या मुलीचा प्रश्न हाच या लोकांचा रोजचा प्रश्न होता. पहाड कुठे गेला? हवा सर्वांत स्वच्छ असते पावसाळ्यात आणि त्याच्या लगोलग. म्हणून त्या दिवसांत जंगलात शिरावे लागे. आणि तेच दिवस हिवतापाचे. एव्हरेस्ट मोजणीवर नवा असताना कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या जंगलात अशाच दिवसांत गेला, तेव्हा त्याच्यासह जवळपास सगळे पथक तापाने आडवे झाले आणि काही जण परतीच्या वाटेवर दगावले. झेंडेवाले, खलाशी, हमाल यांची नावे नकाशावर नाहीत. स्वच्छ हवेची किंमत त्यांनी दिली.

कोरड्या दिवसांत जीव वाचे, पण खूण दिसत नसे. यावर एव्हरेस्टने काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. दिवसा आरशाने सूर्याचा कवडसा दूरच्या टेकडीवर फेकायचा, आणि रात्री दिवे किंवा निळ्या ज्योतीची दारू पेटवायची. दिवसा न दिसणारे ठाणे रात्री दिसू लागे. असे का? दिवसाची धुंद दोन कामे करते. पलीकडून येणारा उजेड ती कमी करते, आणि स्वतः सूर्याने उजळून मध्ये पांढरा पडदा धरते. रात्री पडदा उजळायला सूर्यच नसतो. एकच काम उरते, आणि दिवा त्यातून वाट काढतो. समोरून प्रखर दिव्यांची गाडी येत असताना धुळीपलीकडचे काही दिसत नाही आणि ती गेल्यावर दिसते, तोच हा प्रकार.

या मोजणीत एक नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. आरकाटचे सय्यद मीर मोहसीन हुसैन. कोन मोजण्याची मोठी यंत्रे बिघडली की ती विलायतेला पाठवणे परवडणारे नव्हते. मोहसीन हुसैन ती खोलून, दुरुस्त करून, नव्याने जुळवून देत. सन 1843 मध्ये ते मोजणी खात्याचे उपकरणकार नेमले गेले, आणि एव्हरेस्टने त्यांच्या हुशारीची मोकळेपणाने तारीफ केली. कोणाचेही श्रेय हिसकावून न घेता अभिमान वाटावा असे हे नाव आहे. आपल्या ग्रुपवर त्यांच्याबद्दलचा संदेश मी अजून पाहिलेला नाही.

निळाईचा उलगडा मात्र इंग्लंडमध्ये झाला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जॉन टिंडलने काचेच्या नळीत अतिसूक्ष्म कणांचे ढग तयार करून त्यातून प्रकाश सोडला आणि बाजूने निळा उजेड पाहिला. रॅलेने 1871 मध्ये त्याचे गणित मांडले. प्रकाशाच्या लहरीच्या मानाने कण फार लहान असतील तर लहान लहर जास्त विखुरते, आणि हा फरक लहरलांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. निळा प्रकाश तांबड्याच्या जवळपास सहापट विखुरतो. पण हे कण म्हणजे धूळ की हवा स्वतः? मॅक्सवेलने 1873 मध्ये रॅलेला पत्राने हा प्रश्न केला, आणि 1899 मध्ये रॅलेने उत्तर दिले, की धूळ अजिबात नसली तरी हवेचे रेणूच निळाईला पुरेसे आहेत. त्या लेखात त्याने दाखला दिला तो आपल्या हिमालयाचा. दार्जिलिंगच्या बाजूने शंभर मैलांवरचे एव्हरेस्ट शिखर बऱ्यापैकी उजळ दिसते, यावरून हवा प्रकाश किती कमी करते याचा अंदाज त्याने बांधला. पहाड दिसतो किती, हाच प्रश्न इथेही मापाचा धागा ठरला. पुढे 1921 मध्ये जहाजाने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी समुद्राच्या निळाईचा प्रश्न हातात घेतला, आणि तो धागा 1930 च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेला.

नुसत्या रेणूंची, अगदी निर्मळ हवा असती तर सुमारे 300 किलोमीटरवरचा पहाड दिसला असता. प्रत्यक्षात धूळ, धूर, वाफ यांचे कण मध्ये येतात. हे कण लहरीच्या मानाने मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून त्यांची धुंद निळी नसून पांढरट असते. जर्मन शास्त्रज्ञ कोश्मीडरने 1924 मध्ये याचा नियम दिला. पहाड आणि त्यामागचे आभाळ यांच्यातला फरक दर किलोमीटरला ठरावीक प्रमाणात घटतो, आणि तो शंभरात दोनवर आला की डोळा हात टेकतो. हवा 60 किलोमीटर दाखवणारी असेल तर 30 किलोमीटरवर फरक 14 टक्के उरतो आणि 60 वर दोन टक्के. म्हणजे नरनाळा जेमतेम दिसतो. तीच हवा 20 किलोमीटर दाखवणारी झाली, तर 60 वर फरक दहा लाखांत आठ एवढाच उरतो. मग कितीही डोळे ताणा, कितीही चांगला चष्मा लावा, काही होत नाही.

अकोल्याचे वर्ष आता वाचता येते. पाऊस हवेतले कण धुऊन नेतो, म्हणून उघडिपीत पहाड समोर येतो. ओल फार वाढली की उरलेले कण पाणी पिऊन फुगतात आणि तो पुन्हा झाकतो. थंडीत सकाळी जमिनीलगतची गार हवा वर जात नाही. चुलीचा, कचऱ्याचा, गाड्यांचा, वीटभट्ट्यांचा, शेतात पेटवलेल्या पऱ्हाटीचा धूर तिच्यातच कोंडतो. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, जमीन तापते, धूळ उंचच उंच चढते आणि आभाळच पांढरे होते. पहाड उत्तरेला आणि सूर्य बहुतेक वेळ आपल्या पाठीशी, हे आपले भाग्य. समोर सूर्य असता तर धुंद आणखी उजळ दिसली असती.

आमच्या मुलांनी आता एक वही केली आहे. रोज सकाळी गच्चीवर जायचे आणि तारखेपुढे लिहायचे, पहाड दिसला, फिका दिसला, दिसला नाही. त्याच मुलीने पहिले पान आखले. पहिल्या आठवड्यात तिने एका रकान्यात लिहिले, 'पहाड नाही.' मी तिला ते खोडायला सांगितले नाही. शेजारी आणखी एक रकाना आखायला सांगितला, 'हवा कशी होती?' तिने तो आखला, थोडा वेळ विचार केला, आणि मागच्या ओळीतला 'नाही' तसाच ठेवून त्याच्या आधी 'दिसला' हा एक शब्द घातला.

एवढ्या एका शब्दासाठी बगदाद, बसरा, अडगाव, टाकल खेरा आणि दार्जिलिंग फिरून यावे लागले. येत्या चाँदरातीला आपल्या गावात वाद झालाच, तर आधी तो दुसरा रकाना भरून बघू या.